इक्वलायझर (मोबाइल व सुवाह्य संगीतयंत्रांतील)

ध्वनीच्या निरनिराळ्या कंप्रता-पट्ट्यांची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करण्याची सोय. लांब दूरध्वनी तारांतून जाताना उंच कंप्रता अधिक क्षीण होत. त्यांचा समतोल साधण्याच्या गरजेतून हे तंत्र वाढले आणि पुढे चित्रपट, ध्वनिमुद्रण व खिशातल्या यंत्रांत आले.

रचना : माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. अनेक अँड्रॉइड मोबाइलांत ६०, २३०, ९१०, ३,६०० व १४,००० हर्ट्‌झ अशा पाच पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीची सरकपट्टी डेसिबलमध्ये वर-खाली होते. सर्व पट्ट्या शून्यावर असल्या की मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो. ६ डेसिबल वाढ म्हणजे त्या पट्टीचा आयाम सुमारे दुप्पट.

वापर : मावळातील औंढ्यासारख्या गावी देवळात मोबाइलवर टिपलेले भजन हे बोलके उदाहरण आहे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा खालच्या पट्ट्यांत, गायकाचा आवाज व पेटी मुख्यतः मधल्या, तर टाळांचा झणत्कार वरच्या पट्ट्यांत असतो. टाळ कानाला टोचत असतील तर १४,००० ची पट्टी ३-४ डेसिबल उतरवावी. देवळातील घुमण्याने आवाज बोदा वाटल्यास २३० ची किंचित कमी करावी. ३,६०० च्या पट्टीला जपून हात लावावा; अभंगातील व्यंजनांची स्पष्टता तिच्याच आसपास असते. आधी नको ते कमी करावे आणि मग एकूण आवाज वाढवावा, हाच उत्तम क्रम. सगळ्याच पट्ट्या चढवल्या तर ध्वनितरंगाची टोके कापली जातात व आवाज फाटतो.

मर्यादा : मोबाइलचा इवलासा स्पीकर ६० हर्ट्‌झचा ध्वनी जवळजवळ काढूच शकत नाही, तेथे बेस वाढवून उपयोग नाही. मुद्रणातच फाटलेला आवाज इक्वलायझरने सांधता येत नाही. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज सर्व पट्ट्यांत पसरलेला असल्याने तो वेगळा काढता येत नाही. पुणे–लोणावळा लोकलच्या खडखडाटात बेस झाकला जातो. तेव्हा तो चढवण्यापेक्षा कानात घट्ट बसणारे इअरफोन बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्यातून ४० तास ऐकणे ही सुरक्षित मर्यादा आहे.

आवाज हळू असताना कानाला खालचे स्वर अधिक क्षीण वाटतात, हे फ्लेचर व मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून ज्या पातळीवर ऐकायचे, त्याच पातळीवर पट्ट्या जुळवाव्यात.