हळद देवाची की माणसांची?

गेल्या वैशाखात भडगावी आमच्या घरी पुतणीचे लग्न होते. हळदीच्या दिवशी आमची फुई (आम्ही खानदेशी माणसे आत्याला फुई म्हणतो) चुलीपाशीच बसून राहिली. विधवेने नवरीला हळद लावू नये, हा घरातल्या एका वडीलधाऱ्यांचा आग्रह. शहरातून आलेल्या तरुण मंडळींच्या मते सारेच थोतांड. हळदही नको आणि मुहूर्तही नको. दोन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले. फुईने मला जवळ बोलावून एवढेच विचारले, "नाना, हयद देवनी शे का मानसेस्नी?"

मास्तर असूनही मला चटकन उत्तर देता आले नाही. पण हाच प्रश्न एकेकाळी गोव्यापासून रोमपर्यंत गाजला होता, हे मात्र आठवले. कॅथलिक धर्मगुरूंमध्येच त्यावरून दोन तट पडले होते. कडव्यांचे म्हणणे, बाप्तिस्मा घेतला की जुनी चालरीत मुळासकट उपटली पाहिजे. सौम्यांचे म्हणणे, देव बदलला म्हणून माणसाने जेवणखाण, नेसणे आणि गाणेही का बदलावे?

गोव्यात प्रारंभी कडव्यांचेच पारडे जड होते. 1560 साली तेथे इन्क्विझिशनचे न्यायपीठ बसले. 1567 च्या धर्मपरिषदेने हिंदू विधींवर निर्बंध घातले. साष्टी प्रांतात देवळे पाडली गेली. त्याचा संताप 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीला उफाळला. गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले, आणि पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्यासाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारले. त्या पाद्र्यांचे देह परत आणण्याच्या कामी जे होते, त्यांत एक इंग्रज जेझुइट होता: फादर थॉमस स्टीफन्स.

विल्टशरचा हा माणूस 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली मरेपर्यंत तेथेच राहिला. सोबत्यांची प्रेते डोळ्यांनी पाहिलेला माणूस कडवा झाला असता तर त्यात नवल नव्हते. स्टीफन्सने मात्र मराठी शिकून ओवी हाती घेतली. 1616 साली राशोल येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे, आणि तेही रोमन लिपीत. त्याच्या पुराणातच एक प्रसंग आहे. एक ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्याऐवजी तसलेच काही वाचायला का देत नाही? मला हा प्रसंग पुराणातल्या कित्येक चमत्कारांहून मोलाचा वाटतो. स्टीफन्सने देव आपला ठेवला, पण ओवी आणि पुराण सांगण्याची रीत आमची घेतली. स्वर्गालाही त्याने वैकुंठच म्हटले. अर्थात देवळे पाडणाऱ्या राज्याच्या छायेतच तो लिहीत होता, हेही विसरून चालणार नाही.

त्याच सुमारास मदुरेला इटालियन जेझुइट रॉबर्ट द नोबिली भगवी वस्त्रे नेसून संन्याशासारखा राहू लागला. त्याने नव्या ख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे, शेंडी आणि गंध ठेवू दिले. गोव्यात 1619 साली त्यावर धर्मगुरूंची सभा भरली आणि बहुमत त्याच्या विरोधात गेले. प्रकरण रोमला पोहोचले. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी 1623 च्या जानेवारीत निकाल दिला तो अगदी फुईच्याच प्रश्नाला धरून. जानवे ही पूजा असेल तर नको. कुळाची खूण असेल तर, आणि त्यातला जुना विधी वगळला तर, चालेल.

पण त्याच निकालात एक विनवणीही होती: उच्च जातीच्या ख्रिस्त्यांनी खालच्या मानलेल्या जातींच्या ख्रिस्त्यांचा तिरस्कार करू नये. तिचा व्हावा तितका उपयोग झाला नाही. जानवे राहिले, त्याबरोबर सोवळेही राहिले. मदुरे मिशनात वेगवेगळ्या जातींसाठी वेगवेगळे पाद्री ठेवावे लागले. मध्यममार्ग काढताना तो कुणाच्या खर्चाने काढला, हे कोणी फारसे विचारले नाही.

पुढे वारे फिरले. 1736 साली गोव्याच्या इन्क्विझिशनने मनाई हुकमांची लांबलचक यादीच काढली. तिच्यात ख्रिस्त्यांच्या लग्नातली हळद आली, लग्नातल्या ओव्या आल्या, धोतर आणि चोळी आली, अंगणातली तुळससुद्धा आली! दक्षिणेतल्या चालीरीतींचा वाद 1744 साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी कडव्यांच्या बाजूने मिटवला आणि मिशनऱ्यांकडून तशी शपथ घेतली जाऊ लागली. ती 1940 साली उठली. इन्क्विझिशन मात्र 1812 सालीच इतिहासजमा झाले होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली लोकभाषेतल्या उपासनेची वाट मोकळी केली. 1969 च्या एप्रिलमध्ये रोमने भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टी मान्य केल्या: जोडे काढून जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, आरती. सक्ती कशाचीच नव्हती. तरी काहींना हे हिंदूकरण वाटले, आणि काहींना बारा गोष्टी फारच थोड्या वाटल्या.

ही हकीकत मी फुईला सांगितली ती लग्न पार पडल्यावर. तुळशीवर बंदी ऐकून ती म्हणाली, "मग खोकल्याला काय देत असतील?" हळद मात्र तिने त्या दिवशी लावली होती. पुतणीनेच वाटी उचलून चुलीपाशी नेली, आणि आमचे ते वडीलधारे नेमके त्याच वेळी पाणी पिण्यासाठी उठून ओसरीवर गेले.