मंत्ररोधाची कुळकथा

नवी मुंबईच्या न्हावा-शेवा किनाऱ्यासमोर असलेल्या घारापुरी बेटावरील मुख्य लेण्यात, जे साधारणपणे सहाव्या शतकातले मानले जाते, अंधकासुरवधाचा एक भव्य शिल्पपट आहे. त्यात शिवाने शस्त्र उगारले आहेच, परंतु अंधकाच्या जखमेतून ठिबकणाऱ्या रक्ताखाली पात्र धरण्यासही तो विसरलेला नाही. कारण कथेनुसार अंधकाच्या रक्ताचा जो थेंब जमिनीवर पडे, त्यातून नवा अंधक उभा राही. संरक्षण थेंब जमिनीवर पडण्याला होते, पात्रात पडण्याला नव्हते, आणि एवढ्या एका शब्दाच्या फटीतून अंधकाचा अंत झाला. भारतीय कथापरंपरेतील अभेद्यता ही बहुधा अशीच शब्दांत बांधलेली असते: रावणाने देव, यक्ष, गंधर्वांपासून अभय मागितले आणि माणसाला क्षुद्र समजून वगळले, तर हिरण्यकशिपूचा वर उंबरठ्यावर आणि तिन्हीसांजेला संपला.

अभेद्यतेचे हेच कलम विसाव्या शतकात अंकांत बांधण्याचा प्रयत्न एका खेळाने केला. अमेरिकेतील लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पट आणि सोंगट्या गौण असतात. एक सूत्रधार, ज्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात, अद्भुत जगाचे वर्णन करतो, बाकीचे खेळाडू त्यातील पात्रे वठवतात आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तो फाशांवर सोपवला जातो. मंत्रापासून वाचण्याच्या दोन वाटा या खेळाने आरंभापासून वेगळ्या ठेवल्या. पहिली ‘सेव्हिंग थ्रो’ची, म्हणजे मंत्र लागू पडला तरी त्यातून निभावण्याची, आणि दुसरी ‘मॅजिक रेझिस्टन्स’ची, म्हणजे मंत्र मुळात लागूच न पडण्याची. या दुसरीला येथे मंत्ररोध म्हटले आहे.

आरंभी मंत्ररोध टक्क्यांत मोजला जाई आणि ती टक्केवारी अकराव्या पातळीचा जादूगार समोर आहे असे गृहीत धरून लिहिलेली असे. जादूगार त्याहून वरचढ असेल तर दर पातळीमागे पाच टक्के कमी करायचे, कच्चा असेल तर तेवढेच वाढवायचे. म्हणजे पन्नास टक्के मंत्ररोधाच्या प्राण्यापुढे चौदाव्या पातळीचा जादूगार उभा राहिला, तर तो रोध पस्तीस टक्क्यांवर येई. अकरा हाच आकडा का, असा प्रश्न नवख्याला पडावा अशीच ही रचना होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा हिशेब काढून टाकला आणि जादूगार कोणीही असो, टक्केवारी एकच ठेवली. हिशेब सुटसुटीत झाला. मात्र शिकाऊ आणि महासिद्ध या दोघांना तराजूच्या एकाच पारड्यात बसवण्यात आले.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ‘स्पेल रेझिस्टन्स’ हे नवे नाव आणि नवी रीत आणली. जादूगाराने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपली पातळी मिळवायची, आणि बेरीज प्राण्याच्या रोधांकाइतकी वा त्याहून अधिक भरली तरच मंत्र पुढे सरकायचा. रोधांक २७ असेल तर दहाव्या पातळीच्या जादूगाराला सतरा किंवा अधिक दान पडावे लागते, म्हणजे विसात चार संधी. तिथपर्यंत सारे अंकगणित आहे. अर्थ लावण्याचे खरे काम पुढे सुरू होते. प्रत्येक मंत्राच्या वर्णनात त्याला रोध लागू आहे की नाही हे नोंदवलेले असते. अग्निगोलकाला तो लागू असतो, पण गोलक एका प्राण्यावर थबकला म्हणून विझत नाही, तो शेजारच्यांना भाजतोच. मंत्राने उभारलेल्या दगडी भिंतीला रोध लागू नाही, कारण भिंत उभी झाल्यावर तिच्यात दगडच उरतो. सर्वांत तापदायक प्रसंग उपचाराचा: जखमी रोधधारी प्राण्यावर त्याच्याच बाजूच्या पुरोहिताने जखम भरण्याचा मंत्र टाकला, तरी रोध मित्र-शत्रू ओळखत नाही, आणि तो आपणहून खाली ठेवायचा तर त्या प्राण्याला आपल्या पाळीतली मुख्य कृती खर्चावी लागते. कवच घातलेल्याला औषधासाठी आधी कवच उतरवावे लागते, हे नियमकारांनी ध्यानात ठेवले होते असे दिसते.

या साऱ्यात एका प्राण्याने टक्केवारीला दाद दिली नाही, आणि त्याचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. ‘राक्षस’ या खेळात १९७५ मध्ये आला, तो मात्र वाल्मीकींकडून नव्हे. १९७४ च्या डिसेंबरमध्ये ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागात माणसाला त्याच्या विश्वासातल्या व्यक्तीचे रूप घेऊन फसवणारा राक्षस दाखवला होता, आणि तो मंत्रवलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरत होता; खेळातील राक्षसही आप्ताचे रूप घेई आणि पुरोहिताने मंत्रवलेल्या तशाच बाणाने मरे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला आठव्या श्रेणीखालचा कोणताही मंत्र बाधत नाही असे लिहिले गेले. म्हणजे शब्द मुंबईहून नव्हे तर त्या मालिकेतल्या शिकागोच्या काल्पनिक गल्ल्यांतून गेला, तरी त्याच्याबरोबर वराची जुनी घडण, सरसकट अभय आणि त्यात एक नेमकी फट, कशी कोण जाणे पोहोचली.

२००३ च्या सुधारित आवृत्तीने त्याला २७ हा रोधांक देऊन इतरांच्या रांगेत बसवले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पुन्हा शब्दांकडे वळून सहाव्या वा खालच्या श्रेणीचा मंत्र त्याला, त्याची इच्छा असल्याखेरीज, बाधत नाही असे कलम घातले. इतर प्राण्यांच्या वाट्याला त्या आवृत्तीत सेव्हिंग थ्रोसाठी दोन फासे टाकून चांगला तो घेण्याची सवलत आली, जिचा उपयोग सेव्हिंग थ्रोच नसलेल्या मंत्रापुढे होत नाही. ‘बाधणे’ म्हणजे काय, हा प्रश्न मग उरतोच. खेळाडूने स्वतःवर उडण्याचा मंत्र टाकून राक्षसावर वरून बाण सोडला, तर मंत्र राक्षसाला बाधला असे होत नाही. त्याला बाधला तो बाण.

अशा वादात पाचव्या आवृत्तीचे ग्रंथ विशेष नियम सामान्य नियमाला मागे टाकतो हे सूत्र सांगतात. महाराष्ट्रीय काळे कुळातील आणि काशीत राहिलेल्या नागोजीभट्टांनी ‘परिभाषेंदुशेखर’ या ग्रंथात व्याकरणाच्या सूत्रांसाठी याच न्यायाची चर्चा केली आहे; परिभाषा म्हणजे नियमांचा अर्थ लावण्याचे नियम, उत्सर्ग म्हणजे सामान्य विधी आणि अपवाद म्हणजे त्याला बाजूला सारणारा विशेष विधी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्न यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरासह संपादन १८६८ ते १८७४ या काळात मुंबईहून प्रसिद्ध केले. खेळाच्या नियमकारांनी तो पाहिला असण्याचा संभव नाही, आणि तशी गरजही नाही; नियम वाढले की अपवादांची उतरंड लावावीच लागते.

रोध खाली ठेवण्याचे आणि नियमावर नियम चढण्याचे सर्वांत नेटके उदाहरण मात्र सुंदरकांडात आहे. इंद्रजिताने सोडलेल्या ब्रह्मास्त्राने हनुमान बांधला गेला; ब्रह्मदेवाच्या वरामुळे त्यातून सुटका होणार हे त्याला ठाऊक होते, तरी रावणाची भेट व्हावी म्हणून त्याने प्रतिकार केला नाही. त्याला निश्चल पडलेला पाहून राक्षसांनी वर दोरखंड आवळले, आणि ब्रह्मास्त्राला दुसरे बंधन सहन होत नसल्याने अस्त्र तत्क्षणी सुटले. दोर ओढणाऱ्यांना हा नियम माहीत नव्हता. इंद्रजिताला होता, पण त्याच्या लक्षात येईतो गाठी मारून झाल्या होत्या.