एक छेद की चार?

सोलापुरात आईच्या पित्ताशयात खडे निघाले. एकानं सुचवलं, पुण्याला न्या, रोबोटनं नाभीतून एकाच छेदात होतं. खर्च ऐकला आणि मी आधी इतिहास उघडला.

1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहेंनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. 1990 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडियांनी ते भारतात आणलं. त्याआधी बरगडीखाली लांबलचक चीर असायची. ती गेली, हा खरा फायदा, आणि तो चार छिद्रांतच मिळाला.

2011 मध्ये अमेरिकेत दा विंची रोबोटला एका छेदातून पित्ताशय काढायची मान्यता मिळाली. एका भोकात हत्यारं एकमेकांना अडतात, म्हणून वाकड्या नळ्या, आणि उजवं-डावं सॉफ्टवेअर सांभाळतं. इंजिनिअर म्हणून सांगतो, भारी आहे! पण हिशोब बघा: चार छिद्रं 10, 10, 5, 5 मिलिमीटर, म्हणजे 30. नाभीतला छेद साधारण 25. वाचलं काय? शिवाय 2013 च्या 200 रुग्णांच्या अभ्यासात (रोबोटविना) एका छेदानंतर हर्निया 8.4 टक्के, चार छिद्रांनंतर 1.2. व्रण मात्र एक-छेदवाल्यांना जास्त आवडला.

आई म्हणाली, "माझ्या पोटाकडं कोण बघतंय रे?" चार छिद्रांनी सोलापुरातच झालं. दुसऱ्या दिवशी घरी आली आणि शेंगाचटणी मागू लागली.