शिरोळच्या पाण्याची दिशा

शिरोळ तालुक्याचा इतिहास खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या कोरीव खांबांवरून, नरसोबावाडीच्या दत्तसंप्रदायावरून किंवा कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या संस्थानावरून सांगायची रीत आहे. या भूमीच्या भूतकाळाचा आणखी एक धागा नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या गतीच्या धड्याशी जुळतो, आणि तो आजवर उपेक्षितच राहिला आहे. ठरावीक वेळात वस्तूने एकूण किती अंतर कापले, ती तिची चाल. त्याच वेळात ती मूळ जागेपासून कोणत्या दिशेला किती सरकली, तो तिचा वेग. परीक्षेपुरती ही व्याख्या पाठ होते आणि उत्तरात दिशा लिहायची राहून जाते. कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्या वागवणाऱ्या या तालुक्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार दिशेवर बेतलेले होते. अलीकडे पुराची चर्चा फूट आणि क्युसेक या दोनच मापांत होऊ लागली, त्यात दिशा हरवली आणि तिच्याबरोबर पुराची समजही उणी झाली, असे माझे म्हणणे आहे.

आधी नद्यांचा मार्ग पाहू. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबावाडीपर्यंत पंचगंगा सुमारे ८० किलोमीटर वाहते. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम ४५ किलोमीटर भरते. हिशेबापुरते धरू, की पाण्याला ही वाट कापायला दोन दिवस लागले. मग त्याची सरासरी चाल ताशी १.७ किलोमीटरच्या आसपास येते, पण पूर्वेकडचा सरासरी वेग ताशी ०.९ किलोमीटरच उरतो. उरलेली धावपळ वळणांत खर्च झाली. सपाट, काळ्या मातीच्या पट्ट्यात नदी अशी वळणे घेते, कारण उतार फार थोडा असतो. आणि उतार थोडा असल्यानेच पाणी इथे मुक्काम करते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी उतरू लागते तेव्हा शिरोळच्या खालच्या गावांत पाणी चढतच असते, ही इथल्या माणसांची जुनी ओळखीची गोष्ट आहे.

पूल होण्याआधी नदी ओलांडायची तर नावेतून. नरसोबावाडीहून समोरच्या औरवाडला नाव न्यायची असेल आणि नाव नाकासमोर वल्हवली, तर ती घाटाला लागत नाही. समजा पात्र २०० मीटर रुंद आहे, नावाडी ताशी ४ किलोमीटरने आडवा जातो आहे आणि प्रवाह ताशी ३ किलोमीटरने दक्षिणेकडे ओढतो आहे. पलीकडे पोचायला तीन मिनिटे लागतील आणि तेवढ्यात नाव १५० मीटर खाली गेलेली असेल. काठावरून पाहणाऱ्याला ती ताशी ५ किलोमीटरने तिरकी जाताना दिसेल, सातने नाही. चालींची नुसती बेरीज करून हे उत्तर येत नाही. दोन्ही दिशा हिशेबात धराव्या लागतात. म्हणून नावाडी आधी काठाकाठाने वरच्या अंगाला जातो आणि मगच धार कापतो. याउलट गुऱ्हाळातली काहिल. पुरात माणसे आणि सामान हलवायला या भागात काहिलींचा आधार घेतला गेला आहे. तिला ना नाळ ना सुकाणू. गोल असल्यामुळे तिला स्वतःची अशी दिशाच नसते; धारेत सापडली तर प्रवाहाची चाल तिला मिळते, दिशा मात्र सोबत पोहणाऱ्या माणसांनाच द्यावी लागते. पट्टीचे पोहणारे असल्याशिवाय ती धारेत घालता येत नाही, त्याचे कारण हेच.

नरसोबावाडीचा दक्षिणद्वार सोहळाही मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. कृष्णेचे पाणी वाढून मंदिरात उत्तरेच्या बाजूने शिरते, श्रींच्या मनोहर पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात भाविक स्नान करतात. पाणी त्याहून फार चढले की सोहळा संपतो आणि मंदिर पाण्याखाली जाते. म्हणजे या प्रथेत पाण्याच्या पातळीची नोंद आहे आणि वाहण्याच्या दिशेचीही. श्रद्धेच्या गोष्टीत भौतिकशास्त्र ओढूनताणून बसवू नये, असा आक्षेप इथे येईल, आणि तो रास्त आहे. पूर्वजांना सदिश राशी ठाऊक होत्या असा दावा मी करत नाही. तसा दावा पूर्वजांवर आणि शास्त्रावर, दोघांवरही अन्याय करील. भाविकाच्या दृष्टीने ते पाणी तीर्थ आहे, मोजमाप नाही. पण प्रथा कशाची दखल घेते हे इतिहासाला विचारता येते. पाण्याच्या बाहेर पडण्याची वाट ज्या गावाच्या एका मोठ्या सोहळ्याच्या नावातच आहे, त्या गावाने नदीकडे नुसती पट्टी लावून पाहिलेले नाही.

आजची पट्टी मात्र नुसती उंची सांगते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. २०१९ मध्ये आयर्विनजवळचे पाणी ५७ फुटांपलीकडे गेले, २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्याने ५६ फूट ओलांडले. दुसरा आकडा धरणांच्या विसर्गाचा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. पात्राचे छेदक्षेत्र आणि पाण्याचा वेग यांचा तो गुणाकार. इथेच मुद्द्याचे मर्म आहे. विसर्ग तोच राहिला आणि पुढची वाट तुंबून वेग निम्म्यावर आला, तर छेदक्षेत्र दुप्पट व्हावेच लागते. पाणी वर चढते, मग आडवे पसरते. नरसोबावाडीच्या संगमावर नेमके हेच घडते. उत्तरेकडून भरलेली कृष्णा येते, पश्चिमेकडून पंचगंगा तिला मिळायला पाहते आणि कृष्णेची पातळी उंच असल्याने पंचगंगेचा उतार जवळजवळ नाहीसा होतो. पात्रातले पाणी मंदावते. ओढ्यानाल्यांत तर ते नदीकडून शेताकडे, उलटे चढते. ओढ्याच्या तोंडाशी मोजलेली चाल दोन वेगवेगळ्या दिवशी सारखी भरू शकेल, पण एका दिवशी शेत निथळत असते आणि दुसऱ्या दिवशी बुडत असते.

यावर कुणी म्हणेल, घर बुडते ते पाण्याच्या उंचीने, बुडणाऱ्याला दिशेशी काय देणेघेणे? घर बुडाल्यावर खरेच नाही. पण कोणते गाव कधी हलवायचे, रस्त्याचा भराव कुठे घालू नये, पुलाच्या मोऱ्या किती ठेवायच्या, हे सारे पाणी कुठून येणार आणि कुठे अडणार यावर ठरते. नदीला आडवा घातलेला भराव प्रवाहाला जेवढा अडवतो, तेवढा प्रवाहाला समांतर असलेला अडवत नाही.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो का, हा वादही याच कसोटीवर तपासायला हवा. शिरोळपासून ते धरण सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर, नदीवाटेने त्याहून बरेच लांब. त्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये मुभा दिली. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नाही. शिरोळ-सांगलीतल्या अनेकांना तो निष्कर्ष मान्य नाही. अलमट्टीचे पाणी मागे येते, असे सरसकट म्हटले जाते तेव्हा डोळ्यांपुढे उलटी वाहणारी कृष्णा उभी राहते, आणि ती तशी वाहत नाही हे दाखवून प्रतिवादी सहज सुटतो. फुगवट्यासाठी नदी उलटी वाहावी लागत नाही. पूर्वेकडचा तिचा वेग घटला तरी पुरे. वेग किती घटतो आणि ती घट वर कुठवर पोचते, हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत, राजापूर बंधाऱ्यापर्यंत की वाडीच्या संगमापर्यंत, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी पाण्याच्या उंचीबरोबर प्रत्येक ठिकाणचा वेग, दिशेसह आणि एकाच तासाला मोजलेला, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी एकमेकांसमोर ठेवला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या निवेदनांत आणि मोर्चांत शिरोळच्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या पातळीचा हिशेब मागितला आहे. आता त्यांनी हाही हिशेब मागावा.