चिखलातली शाळा

जून उजाडला की मुंबईत छत्र्या बाहेर निघतात आणि आमच्यासारख्या क्रिकेटवेड्यांच्या किटबॅगा माळ्यावरून खाली येतात. पावसाळा म्हणजे क्रिकेटला सुट्टी, असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. पण आम्हाला मात्र वेध लागतात कांगा लीगच्या नव्या सीझनचे! बुटांच्या खिळ्यांत अडकलेला गेल्या वर्षीचा चिखल खरवडताना दरवर्षी एकच प्रश्न पडतो. ऐन पावसात क्रिकेट खेळायचं हे खूळ आलं कुठून?

थोडा इतिहास. डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि त्यांच्या काळातले नावाजलेले फलंदाज. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात ते होते, म्हणजे थोर फिरकी गोलंदाज पी. बाळूंचे सहकारी. त्यांच्या नावाने १९४८ साली ही लीग सुरू झाली. पारंपरिक हंगाम जुलै ते सप्टेंबर, वार रविवार. ए पासून जी पर्यंत सात विभाग. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंग्याचं दडकर मैदान अशी मैदानं. सोमवार ते शनिवार नोकरी करणाऱ्यांना खेळता यावं असाच सगळा बेत.

आता यातली खरी गंमत. पिच उघडं, त्यामुळे रात्रभर पाऊस त्यावर पडलेला. एक चेंडू टप्पा पडून थांबतो, पुढचा अंगावर उसळतो. बॅट पुढे ढकललीत की झेल गेलाच म्हणून समजा. मग हात सैल सोडून, चेंडू शेवटपर्यंत बघून, अगदी उशिरा खेळायला शिकावं लागतं. बरं, जमिनीलगत फटका मारावा तर आउटफिल्डला हे एवढं गवत! चेंडू तिथेच रुतून बसतो. म्हणजे चौकार हवा असेल तर उचलून मारायचं धाडसही पाहिजे. शंभर धावा झाल्या तरी मॅच जिंकता येते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, टेस्टिंग करायचं तर सगळ्यात वाईट परिस्थितीत करा. इथे ते १९४८ पासून चालू आहे!

माधव मंत्री, त्यांचे भाचे सुनील गावसकर आणि दिलीप वेंगसरकर हे दादर युनियनचे. पद्माकर शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याचे. शाळकरी सचिन तेंडुलकर १९८४ साली जॉन ब्राइट क्लबकडून ही लीग खेळला. मार्च १९८७ मध्ये बंगलोरला, पाकिस्तानविरुद्ध, हातभर वळणाऱ्या पिचवर गावसकरांनी शेवटच्या कसोटी डावात ९६ धावा केल्या. पिच तिथलं कोरडं होतं, हे मान्य. पण ते उशिरा खेळणं, ते सैल हात... मला त्यात मुंबईचे ओले रविवार दिसतात. (हे माझं मत, वाद घालायला मोकळे आहात!)

आणि शिवलकर? प्रथम श्रेणीत ५८९ बळी, कसोटी एकही नाही. तरी हा माणूस वर्षानुवर्षं क्लबसाठी घाम गाळत राहिला. २०२५ साली ते गेले तेव्हा वाटलं, हौशी क्रिकेट हौशी क्रिकेट म्हणतात ते आणखी काय असतं?

अधूनमधून सूर निघतो की लीग पाऊस ओसरल्यावर घ्या. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. अर्धे रविवार वाहून जातात. पहाटे उठून, लोकलमध्ये किट सांभाळत मैदानावर पोचायचं आणि तळं बघून, कटिंग चहा पिऊन परतायचं, हे मीही भोगलंय. मैदानांचीही मारामार आहे. आझाद मैदानाचा एक तुकडा तर मेट्रो-३ च्या कामासाठी गेला होता. पण कोरड्या पिचवरच्या स्पर्धा ढिगाने आहेत हो. पाऊस काढून टाकला तर कांगा लीगमध्ये उरतं काय? आणखी एक स्पर्धा, बस.

माझं म्हणाल तर अडतिशी गाठली आहे, गुडघा कुरकुरतोय आणि आमची टीम तळाच्या विभागात. गेल्या सीझनला घरी म्हटलं होतं, हे शेवटचं. पण काल नवी ग्रिप चढवली बॅटला. बायकोने नुसतं बघितलं, बोलली काही नाही.

असो. ढग भरून आलेत. पाऊस पडू दे भरपूर, फक्त रविवारी दहाच्या सुमारास जरा थांब म्हणावं!