चाकांवरच्या गरम पाण्याची कथा

पाणी तापविणे ही काही अवघड विद्या नव्हे. तीन दगड, चार लाकडे आणि एक हंडा एवढ्यावर काम भागते. अवघड आहे ते हवे त्या वेळी, हवे तितके आणि जिवाला धोका न होता गरम पाणी मिळणे. मोटारीमागे जोडून नेण्याच्या घरगाडीत, म्हणजे कॅम्पर ट्रेलरमध्ये, भिंतीत बसविलेली एक लहानशी पेटी हे काम करते. तिच्या टाकीत बहुधा 23 लिटरांच्या आसपास पाणी मावते. परंतु तिच्यात तीनशे वर्षांची विद्या साठलेली आहे.

हौसेखातर चाकांवर घर घेऊन हिंडण्याची प्रथा इंग्लंडात रुजविली ती गॉर्डन स्टेबल्स या आरमारी डॉक्टराने. 1885 साली त्याने ब्रिस्टल येथे ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधवून घेतली आणि घोडे जुंपून थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली, तरी सरपणाचा प्रश्न उरलाच. तो सुटला 1910 नंतर. त्या वर्षी अमेरिकन रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग याने पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंत प्रोपेन ओळखला. हा वायू दाबाखाली द्रवरूप होऊन सिलिंडरात राहतो आणि उणे 42 अंशांपर्यंतच्या थंडीतही पुन्हा वायू होऊन वाहतो. ब्यूटेन मात्र शून्य अंशाच्या आसपासच थिजल्यासारखा बसून राहतो. थंड देशांतील प्रवासी प्रोपेन पसंत करतात, त्याचे कारण हेच.

घरातले गरम पाणी त्यापूर्वीच सुधारले होते. 1868 साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉघन याने वायूवर चालणारे तापक यंत्र काढले आणि आइसलंडमधील उष्ण कारंज्यावरून त्यास ‘गीझर’ हे नाव दिले. पाणी झटपट तापे. पण धूर बाहेर नेणारे धुराडेच त्यास नव्हते. 1889 साली पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने पाणी साठवून आपोआप तापविणारी टाकी बनविली. अशा टाक्यांत मधोमध धुराडे आणि सभोवार पाणी ही रचना रूढ झाली. आपल्या न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवा; त्याचीही रचना तीच.

घरगाडीतील पेटीवर तीन राखणदार नेमलेले असतात. पहिला ज्योतीचा. 1821 साली झेबेक याला आढळले, की दोन भिन्न धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानाला ठेवले असता शेजारची चुंबकसूची हलते. या तत्त्वावरची जोडी लहान ज्योतीत ठेवली म्हणजे तिच्या क्षीण प्रवाहाने वायूची झडप उघडी राहते. वाऱ्याने ज्योत विझली, की झडप मिटते. आजच्या पुष्कळ पेट्यांत हीच राखण इलेक्ट्रॉनिक साधने करतात. दुसरा राखणदार दाबाचा. देनी पापँ याने 1679 साली हाडे शिजविण्याचे बंद भांडे दाखविले आणि ते फुटू नये म्हणून वजनाची झडप योजिली. तिचीच वंशज असलेली झडप पाणी 99 अंशांजवळ पोहोचले किंवा दाब मर्यादेपलीकडे गेला, तर आपोआप उघडते. तिसरा गंजाचा. 1824 साली हम्फ्री डेव्ही याने जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त व लोखंड जोडून तांबे झिजण्यापासून वाचविले. मात्र तांबे विरघळेनासे होताच जहाजांच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू लागले, आणि आरमाराने तो उपाय सोडून दिला! समुद्रावर फसलेली ही युक्ती पोलादी टाकीत मात्र यशस्वी झाली. तेथे मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजतो आणि टाकी वाचवितो. तो वेळोवेळी पाहून बदलावा लागतो, एवढेच.

इतके असूनही नळाला कोमट पाणी येते, अशी प्रवाशांची तक्रार असते. दोष पुष्कळदा तापकाचा नसतोच. हिमाच्या दिवसांत टाकी रिकामी करून पाणी तिला वळसा घालून नेण्यासाठी वेगळी झडप असते. वसंतात ती पूर्ववत केली नाही, तर 60 अंशांच्या पाण्यात 15 अंशांचे पाणी निम्मेनिम्म मिसळते आणि नळाशी 38 अंशसुद्धा पुरते उरत नाहीत. बाहेरील फवाऱ्याचे दोन्ही नळ उघडे ठेवून केवळ टोकाशी पाणी बंद केले, तरी तोच प्रकार घडतो. आणि टाकी लहान असल्याने ती एकदा रिती झाली, म्हणजे पुन्हा तापण्यास सुमारे अर्धा तास द्यावाच लागतो. म्हणून नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी झडपा पाहाव्यात, आणि मग घड्याळ पाहावे.

श्रोतेहो, या पेटीची सर्वांत मोलाची गोष्ट अद्याप सांगावयाची आहे. तिची ज्वाला बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते. आत निजलेल्या माणसांच्या श्वासाशी तिचा संबंध येऊ दिलेला नाही. आपल्याकडे अजूनही दारे-खिडक्या बंद केलेल्या न्हाणीघरात वायूचा गीझर लावला जातो. हवा अपुरी पडली, की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. स्नानास गेलेले माणूस परत येत नाही, आणि बाहेरच्यांना उशिरा कळते. हिवाळ्यात अशा वार्ता आपण वाचतो. मॉघनच्या यंत्रातली 1868 सालची उणीव आपण आपल्या घरात जपून ठेवण्याचे कारण नाही. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा. चाकांवरच्या घराला जे साधले, ते पायावर उभ्या असलेल्या घराला अशक्य नाही.