प्राच्यविद्या मंदिराची माणसे

सुरतेच्या ईशान्येस तापीकाठी वसलेले कामरेज हे बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातील एका महालाचे ठाणे होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोचच्या आखाताजवळ कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख येतो. नवसारीच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत कार्मणेय आहार येतो. ही दोन्ही नावे कामरेजचीच, असे अनेक अभ्यासक मानतात. २००३ मध्ये तेथे उत्खननही झाले. या एका गावाचा पूर्वेतिहास उलगडायचा म्हटले तरी ग्रीक जाणणारा, जुनी लिपी वाचणारा, खापरांवरून काळ सांगणारा आणि फारसी तवारिखा उकलणारा अशी निरनिराळी माणसे हवीत. एका पंडिताचे हे काम नव्हे. ज्या संस्थानात कामरेजचा शेतसारा जमा होई, त्याच संस्थानाने अशी माणसे जमविण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी केला, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांची ग्रंथालय-चळवळ वाचकांस परिचित आहेच. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले. गावाने वर्गणी जमवावी आणि तेवढीच भर प्रांतपंचायतीने व सरकारने घालावी, या पद्धतीने खेड्यापाड्यांत वाचनालये निघाली. याच व्यवस्थेतील मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागातून पुढे प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. वाचनालयाच्या पोटी संशोधनसंस्था जन्मली, ती अशी.

या विभागाचे काम चिमणलाल डाह्याभाई दलाल यांच्याकडे होते. १९१४ मध्ये महाराजांच्या आज्ञेने ते पाटणच्या जैन भांडारांत गेले. पिढ्यान्‌पिढ्या कुलपांत जपलेली ताडपत्रे परक्यास दाखविण्याचा तेथे रिवाज नव्हता. नुसत्या सरकारी हुकुमाने अशी दारे उघडत नाहीत, त्यासाठी विश्वास संपादन करणारा माणूस लागतो. दलाल तसे होते. पाटणनंतर त्यांनी जेसलमेरची भांडारे पाहिली. १९१६ मध्ये ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाले’चे पहिले पुष्प म्हणून राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ निघाली. संपादक होते दलाल आणि दक्षिणेतील पंडित अनंतकृष्ण शास्त्री. राजशेखराच्या पणजोबांस महाराष्ट्रचूडामणी म्हणत. म्हणजे महाराष्ट्राशी कुळाने जोडलेल्या कवीचा ग्रंथ एका गुजराती आणि एका दाक्षिणात्य विद्वानाने मराठी राजाच्या खर्चाने छापला.

अवघ्या दोनच वर्षांत, १९१८ मध्ये, दलाल निवर्तले. पाटण-जेसलमेरची टिपणे तशीच राहिली. एका माणसाच्या अंगभूत गुणांवर उभारलेले काम किती ठिसूळ असते, हे बडोद्यास तेव्हा कळले असावे. सुदैवाने ती टिपणे पंडित लालचंद्र भगवानदास गांधी यांच्या हाती पडली. त्यांनी जेसलमेरची सूची १९२३ मध्ये आणि पाटणची १९३७ मध्ये पुरी केली. दुसऱ्याच्या टिपणांत एवढी वर्षे घालविणारा विद्वान मिळणे हे नवे ग्रंथ लिहिणारा मिळण्याहून दुर्घट आहे. संस्थांच्या इतिहासांत मात्र अशांच्या वाट्याला बहुधा अर्धी ओळच येते.

१९२४ मध्ये ग्रंथमालेच्या प्रमुख संपादकपदी विनयतोष भट्टाचार्य यांची निवड झाली. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांचे हे चिरंजीव, बौद्ध तंत्र आणि मूर्तिशास्त्र यांचे अभ्यासक. वैष्णव-जैन गुजरातेत, मराठी दरबारात, वज्रयानाचा जाणकार बंगाली! १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिराची रीतसर स्थापना झाली आणि संचालकपद त्यांच्याकडेच आले.

सर्वांनाच बडोद्यास आणून बसविण्याचा हट्ट मात्र तेथे नव्हता. पगारावरील माणसे मोजकी असत. उरलेले काम ज्यास जे येते त्यास त्याच्या ठिकाणी नेऊन दिले जाई. भोजाचे ‘समरांगणसूत्रधार’ हे वास्तुशास्त्र त्रिवेंद्रमच्या गणपती शास्त्रींकडे गेले. अभिनवगुप्ताच्या टीकेसह ‘नाट्यशास्त्रा’चा पहिला खंड आंध्रातील रामकृष्ण कवींनी १९२६ मध्ये सिद्ध केला. या टीकेच्या पोथ्या इतक्या भ्रष्ट की, पानोपानी पाठाशी झुंजावे लागे. ‘मानसोल्लासा’चे काम श्रीगोंदेकरांनी केले आणि त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये आला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, हा मराठी वाङ्मयेतिहासात वारंवार येणारा उल्लेख याच ग्रंथातला. गुजरातचा फारसी इतिहास ‘मिराते अहमदी’ बडोदे कॉलेजातील अध्यापक सय्यद नवाब अली यांनी संपादिला. त्यात मराठ्यांच्या स्वाऱ्या ज्यांच्यावर झाल्या त्यांच्या बाजूने दिसतात. गायकवाडांच्या पैशाने तो छापला गेला याचे महत्त्व कमी लेखू नये. आणि १९२९ मध्ये इटलीचे ज्युझेप्पे तुच्ची यांनी दिङ्नागपूर्व बौद्ध तर्कग्रंथ चिनी साधनांवरून या मालेत आणले.

आज ज्यास आंतरविद्याशाखीय म्हणतात ते येथे नाव न देता घडले. वास्तू, नाट्य, तर्क, तंत्र, इतिहास हे सारे एका मालेच्या क्रमांकांत शेजारी येऊन बसले. उणीव होती ती वेगळीच. निवडीचे सूत्र अखेर दरबारच्या मर्जीत होते, आणि निवड होई ती पोथी वाचणाऱ्या वर्गातूनच. कामरेजसारख्या महालांतील रयतेची बोली, गीते, चालीरीती टिपणारा कोणी या मालेसाठी नेमला गेला नाही.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि मंदिर त्यात सामील झाले. दरबाराची जागा विद्यापीठाने घेतली, तरी माणसे निवडण्याची जुनी रीत टिकली. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे बालकांड गो. ह. भट्ट यांनी १९६० मध्ये काढले. अयोध्या आणि युद्ध ही दोन कांडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारतावर हात बसलेल्या डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याकडे आली, तर किष्किंधाकांड गुजराती समीक्षक डोलरराय मांकड यांच्याकडे. १९७५ मध्ये उत्तरकांड काढून हे काम तडीस नेणारे उमाकांत शहा हे मुळात जैन मूर्तिशास्त्राचे अभ्यासक.